दोन वेळचा दाणा

आमच्या तबेल्यात घोडा तीन प्रकारे ठेवता येत असे. पूर्ण सांभाळ म्हणजे ठाण, दाणा-चारा, खरारा, रोजचा फेरफटका, नाल आणि डॉक्टर, सगळं आमच्याकडे. धन्याने फक्त यावं, मानेवर थोपटावं आणि जावं. अर्धा सांभाळ म्हणजे ठाण आणि पाणी आमचं, दाणा आणि घोड्याचं करणारा साईस ज्याचा त्याचा. तिसरा प्रकार कुरणाचा. म्हाताऱ्या किंवा लंगड्या घोड्यांना तारेच्या कुंपणात मोकळं सोडायचं आणि येता-जाता नजर टाकायची. वरातीच्या घोड्या बहुतेक अर्ध्या सांभाळात असत, कारण त्यांचे साईस त्यांच्याबरोबरच फिरत. हौसेचे घोडे पूर्ण सांभाळात.

नवीन माणूस आला की फाटकापाशी उभं राहून मी हे सांगायचो. शेवटी एक वाक्य ठरलेलं होतं. "पूर्ण सांभाळ म्हणजे काळजी आमची, तुमी निवांत झोपा." लोकांना ते आवडायचं.

रायपूर संपून अभनपूरकडचा रस्ता धानाच्या शेतांतून जाऊ लागतो, तिथे हा तबेला होता. आता तिथे प्लॉट पाडले आहेत. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आणि तिथे व्यवस्थापक म्हणून लागलो. खात्यात मी डॉक्टर नव्हतो. डॉक्टरच्या हाताखाली होतो, जनावर धरायचो, नळी घालायचो, औषध पाजायचो. तबेल्याचा मालक ठेकेदार माणूस. त्याला घोडे आवडत, घोड्यांचं काम आवडत नसे. म्हणून मी.

ज्या घोडीबद्दल लिहायचं आहे ती पूर्ण सांभाळात होती. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, खाण्याच्या बाबतीत हावरट. मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या आणि पुढे रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या धंद्यात स्थिरावलेल्या एका घरची ती घोडी. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक तरी घोडा असायचाच. घरातला कर्ता पुरुष वारला. मुलाने अंगणात गाड्यांसाठी शेड टाकली. तेव्हा त्याची आई घोडीला घेऊन आमच्याकडे आली. म्हणजे घोडी टेम्पोतून आली आणि त्या मागून रिक्षाने.

"भाऊ, मला घोड्याची भीती वाटते," फाटकातच म्हणाल्या. "इतकी वर्षं दारात घोडं होतं, तरी वाटते."

"मंग ठेवून काहून राहिल्या, वहिनी?"

"यांची आहे. विकली तर लोक वरातीत नाचवतील तिला."

दर रविवारी त्या गाजरं घेऊन यायच्या. सुरुवातीला लांबून फेकायच्या. घोडी मान लांबवून, ओठ काढून गाजर शोधायची आणि वहिनी दोन पावलं मागे सरायच्या. मी त्यांना हात कसा धरायचा ते शिकवलं. तळहात सपाट, बोटं सरळ, अंगठा आत. बोट वाकलं की ते घोड्याला गाजरासारखंच दिसतं. कित्येक रविवार गेले तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. घोडीने गाजर उचललं. वहिनींनी ओला तळहात पदराला पुसला, पुन्हा पाहिला.

"गुदगुल्या होतात की," त्या म्हणाल्या.

"आता हात तिच्या ओळखीचा झाला," मी म्हणालो.

त्यांच्या घरी दसऱ्याला घोड्याची पूजा असे. घोडीला आंघोळ, खुरांना आणि कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ आणि नैवेद्याची पुरणपोळी हातावर धरून भरवायची. भरवण्याचं काम नवऱ्याचं होतं, ते आता त्यांच्यावर आलं. तबेल्यातल्या पहिल्या दसऱ्याआधी त्यांनी मला विचारलं की चालेल का. मी म्हणालो, एका पोळीनं घोडीले काही होत नाही. ते खरं होतं. आजही खरं आहे.

मी दसऱ्याला तिथे नसायचोच. आम्ही बौद्ध. आमचं मूळ गाव वर्धेकडचं, वडील रेल्वेत लागून रायपूरला आलेले. आमच्या वस्तीतली मंडळी दरवर्षी मिळून दीक्षाभूमीला जातात, आदल्या संध्याकाळच्या गाडीने. ते मी कधी चुकवलं नव्हतं. त्या पहिल्या वर्षी मी नागपूरहून परतलो तर वहिनींनी माझ्यासाठी डबा ठेवलेला. मी त्यांना फोन करून सांगितलं की आम्ही प्रसाद घेत नाही, राग मानू नका. पुढच्या वर्षी पुन्हा डबा होता, चौकीदाराकडे निरोपासह. ही पोळी नैवेद्य दाखवण्याआधी काढून ठेवली आहे, प्रसाद नाही, जेवण आहे. त्यानंतर दरवर्षी तसाच डबा असायचा. त्यांच्या घरात माझ्या नावाची पोळी देवाच्या आधी निघत होती.

आता त्या वर्षाचं सांगतो.

तबेल्यात एक पद्धत मीच घालून दिली होती. दाण्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. चणा आणि जव चोरीला जात म्हणून मी तसं केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. रोज संध्याकाळी मी घोड्यांच्या समोर माप भरून द्यायचो आणि दुसऱ्या सकाळचा चणा त्याच खोलीत बादलीत भिजत घालायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही साईस आपापल्या गावी गेले. राहिला चौकीदार. त्याच्या हाती किल्ली देऊन सकाळचं माप टाकायला सांगायचं, एवढंच करायचं होतं. मी ते केलं नाही. एकदा किल्ली दिली की ती द्यायची सवय पडते, असं मला वाटलं. स्टेशनवरून वस्तीतल्या पोरांचे फोन येऊन राहिले होते की काका, डब्यात जागा धरली आहे, या लवकर.

मी संध्याकाळचा भिजलेला चणा टाकला आणि त्याच्यावर सकाळचा, कोरडा, त्याच वेळी टाकून दिला. पूर्ण सांभाळातल्या सगळ्याच घोड्यांना. रात्रभर थोडं थोडं खातील असं मनाला सांगितलं. कुलूप लावलं आणि निघालो.

खात्यात असताना मी गावोगाव लोकांना हेच सांगत असे. कोरडा चणा पोटात गेला, वरून जनावर पाणी प्यालं, की तो फुगतो. घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते आतच राहतं. हे मी इतक्या वेळा बोललो होतो की मला ते पाठ होतं.

बाकीच्या घोड्यांनी थोडं खाल्लं, थोडं गव्हाणीत सोडलं. त्यांना काही झालं नाही. या घोडीने गव्हाण चाटून काढली.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या कपड्यांत लाखो लोकांच्या गर्दीत उभा होतो. सगळ्यांबरोबर पाचही शीलं म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. गर्दीत फोन लागत नव्हता. इकडे वहिनी सकाळी ताट घेऊन आल्या, पूजा केली, पोळी भरवली. दुपारी घोडी लोळू लागली. सणाचा दिवस, डॉक्टर मिळायला वेळ गेला. आला तेव्हा त्याने नळी घातली, तेल पाजलं, चालवायला सांगितलं. संध्याकाळच्या आत घोडी मेली.

मी सकाळी स्टेशनवरून थेट तबेल्यात गेलो. कुरणाच्या टोकाला जेसीबी खड्डा खणत होता. मालक फोनवर मीठ मागवत होता, घोडा पुरताना मीठ टाकावं लागतं. मला पाहून म्हणाला, "बाई ने पूरनपोली खिला दी यार. डॉक्टर पूछ रहा था क्या खिलाया, तो यही निकला. तुम समझा दो उनको, मुझसे नहीं होगा."

चौकीदार माझ्या मागे मागे आला. दाण्याच्या खोलीपाशी कोणी नाही असं पाहून म्हणाला, "बिहनिया ले पेट कोती देखत रिहिस, साहेब." सकाळपासून ती पोटाकडे मान वळवून पाहत होती. म्हणजे वहिनी यायच्या आधीपासून. पोट दुखणारा घोडा तसंच करतो. आणि म्हणाला, पोळी तिने अर्धीच खाल्ली, अर्धी खाली पाडली.

मी "बरं" म्हणालो. त्याला गप्प राहायला सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही, त्याला कोणी काही विचारलंच नाही.

वहिनी लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर पितळी डबा. रात्री घरी जाऊन सकाळी पुन्हा आल्या होत्या, पण लुगडं कालचंच होतं, काठाला हळद लागलेली. मी समोर उभा राहिलो.

"भाऊ, माझ्या पोळीनं झालं का हो?"

जेसीबीचा आवाज चालला होता.

"गोड जड जाते घोड्यांले," मी म्हणालो.

"पण तुम्हीच म्हणाला होता, एका पोळीनं काही होत नाही."

"तवा तरणी होती, वहिनी. आता वय झालं होतं तिचं." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "मी असतो तर थांबवलं असतं."

त्यांनी मान हलवली. "हो," म्हणाल्या. "तुम्ही नव्हता." आणि डबा माझ्या हातात दिला. माझी पोळी कालपासून त्यात होती.

घोडी पुरून झाल्यावर सगळे गेले. मी ऑफिसात बसून ती पोळी खाल्ली. भूक होती. त्याच पुरणाची, त्याच हातची. मला काही झालं नाही. मग बादली धुतली आणि संध्याकाळचा चणा भिजत घातला.

मला त्या दिवशी काही वाटलं असं मी लिहू शकत नाही. नंतरही बराच काळ वाटलं नाही. किल्ली माझ्याकडेच राहिली. फाटकाशी उभं राहून मी तेच वाक्य सांगत राहिलो, काळजी आमची, तुमी निवांत झोपा. साईसांना, डॉक्टरला, घोडे ठेवणाऱ्या इतर लोकांना सगळ्यांना माहीत झालं की पंडरीच्या बाईंनी पुरणपोळी घालून घोडी मारली. नवीन लोकांना बाहेरचं खाऊ घालू नका असं बजावताना मालक त्यांचंच उदाहरण द्यायचा. मी बाजूला उभा असायचो. कधी मान हलवायचो.

वहिनी पुन्हा तबेल्यावर आल्या नाहीत. दसऱ्याचा डबाही आला नाही. घरच्या कार्यांची बोलावणी मात्र येत राहिली आणि मी जात राहिलो. मग माझे गुडघे गेले, मी काम सोडलं. मालक वारला. तबेला विकला गेला.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या नातवाचं लग्न झालं. मला पत्रिका आली. आजोबांच्या घोडीचं करणारे काका म्हणून. शहराबाहेरच्या एका लॉनवर वरात निघणार होती. पांढरी घोडी आणली होती, जरीची झूल, पायांत घुंगरं. इकडे आता मराठी घरांतही ती रीत आली आहे. नवरदेव घोडीवर बसण्याआधी घरातल्या बायका तिला थाळीतून भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालतात. वहिनींच्या सुनेने थाळी त्यांच्यापुढे धरली. सून इथलीच, हिंदी बोलणारी, मराठी समजणारी.

"मम्मीजी, पहले आप. आप बड़ी हैं."

"तू खिला दे, बेटा."

"शगुन है, मम्मीजी."

नात्यातला एक पोट्टा मागून ओरडला, "आजी, घाबरू नको, भाड्याची आहे. चावली तर पैसे परत."

सगळे हसले. वहिनीही थोड्या हसल्या. "घोड़ी के लिए मेरा हाथ अच्छा नहीं है," त्या सुनेला म्हणाल्या आणि दोन्ही हात शालीत घेतले. सुनेने थाळी मागे घेतली. तिला ते माहीत होतं. तिने स्वतः डाळ भरवली, बोटं वाकवून, घाबरत. घोडीने डाळ कशीबशी उचलली. मी सूपचा कप धरून बाजूला उभा होतो. शालीत ते हात कुठे आहेत ते कळत होतं, पोटाशी, एकमेकांत अडकवलेले.

वरात निघाली. मी जेवलो आणि घरी आलो.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दुकान खाली, घर वर. जिने चढायला वेळ लागला. सुनेने दार उघडलं, पाणी आणून दिलं आणि आत गेली. वहिनी खिडकीशी वाटाणे सोलत होत्या.

"लग्नात नीट जेवलात ना, भाऊ? बोलायलाच झालं नाही."

"जेवलो. वहिनी, घोडीचं सांगायचं आहे."

"कोणत्या घोडीचं?"

"आपल्या."

त्यांचे हात थांबले नाहीत. मी सांगितलं. गाडीचं, किल्लीचं, दाण्याचं. लिहायला वर जेवढी जागा लागली तेवढीही सांगायला लागली नाही.

"काय टाकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"चणा. सकाळचाही तवाच टाकला. कोरडा."

"कोरडा."

"हो."

"मग पोळी?"

"पोळीनं काही झालं नाही. तुमी यायच्या आधीपासून तिचं पोट दुखून राहिलं होतं. म्हणून तर अर्धी सोडली तिनं."

वाटाण्याची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "मला वाटलं, मी देते आहे म्हणून सोडली," त्या म्हणाल्या. "यांच्या हातची पूर्ण खायची."

मी पेल्यातलं पाणी प्यालो.

"पुरण घातलं नाही मी त्यानंतर घरात. सुनेला शिकवायचं होतं, तेही राहिलं. हिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, नको, या हाताचं नको शिकू." त्यांनी हात उघडून पाहिला, बोटं सांध्यांशी वाकडी झाली होती. "आता पाट्यावर वरवंटा ओढवत नाही."

"मिक्सरमंदी होते आता," मी म्हणालो. का म्हणालो ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाला होता, मी असतो तर थांबवलं असतं."

"हो."

"ते मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. भाऊ असते तर वाचली असती." मग आत पाहून हाक मारली, "बेटा, जरा इधर आना. बैठो." सून ओढणीला हात पुसत आली. वहिनी मला म्हणाल्या, "हिला सांगा. हिंदीत सांगा. मराठी समजते तिला, पण हे नीट समजलं पाहिजे."

मी हिंदीत सांगितलं. "घोड़ी पूरनपोली से नहीं मरी. मैंने ज़्यादा दाना डाल दिया था." सून एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे पाहत राहिली.

"ज़्यादा नाही," वहिनी म्हणाल्या. "दोन वेळचा. ते सांगा."

"दो टाइम का, एक ही बार में. आधा सूखा."

"का टाकला, तेही सांगा."

"मुझे नागपुर जाना था. चाबी किसी को देनी नहीं थी."

"आणि नंतर?"

"नंतर... बाद में इन्होंने पूछा, तो मैंने कहा मीठे से हुआ. मैंने कहा, मैं होता तो रोक लेता."

"हां," वहिनी म्हणाल्या. "वो."

सून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "अंकल, आप तो हर फंक्शन में आते थे."

"हो," मी म्हणालो. मराठीतच निघालं.

तिने सासूच्या पुढ्यातलं वाटाण्याचं ताट उचललं. दाराशी जाऊन थांबली, चहा ठेवू का असं विचारायचं होतं बहुतेक, पण विचारलं नाही. वहिनींनीच सांगितलं. "चाय रखो. भाऊंची बिनसाखरेची."

ती आत गेली. खाली दुकानात कोणी तरी ताग्यातलं कापड टर्रकन फाडलं. वहिनींनी खिडकीतून खाली पाहिलं आणि शाल सारखी केली.

"मुलगा जेवायला वर येईल आता," त्या म्हणाल्या. "मग नातू. त्याला मी फोन करते. तोवर बसा."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि बसून राहिलो.